टाकीवरचे तेरा फोन

गुरुवार, सकाळचे पाच पन्नास. खोपोलीत, शिळफाट्याच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात साईनाथ घारे लॅपटॉपवरचे आकडे वाचत होते. शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली होती. पडद्यावर अडतीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळ म्हणजे कर्जत-खालापूरमधल्या एखाद्या गावातला किंवा वाडीवरचा एक गट. गटाची पुढारी कोण, ऐकणारे किती, धडा कितवा, फोनवर तो किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला. एकोणिसाव्या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

बेहडवाडी. पुढारी जना पारधी. ऐकणाऱ्या बायका तेरा. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारपासून एकोणचाळीस गुरुवार झाले होते आणि एकोणचाळीसही वेळा धडा चार चाळीसला सुरू होऊन पाच वाजून एक-दोन मिनिटांनी संपला होता. तेराच्या तेरा फोनांवर. एकही बाई एकदाही गैरहजर नाही.

घाऱ्यांनी जुलै महिना उघडला. लावणीचे दोन आठवडे बघितले. त्या दिवसांत वाडीतली चालती-फिरती बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. पावणेपाचला फोन कानाला लावून बसायला कोणाला सवड? तिथंही तेरा होते. गौरी-गणपतीच्या आठवड्यात तेरा. नवा भात झोडायला घेतला त्या आठवड्यातही तेराच.

"खोटं हाय," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांच्या पत्नी संध्याबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "अहो, कोन खोटं? चहा खरा हाय, तो प्या आधी."

घाऱ्यांचं वय एकसष्ट. खोपोलीच्या एका पाइप कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. पाइपाची जाडी मोजायची, वहीत लिहायची आणि पानाखाली सही करायची, हे काम. खरं माप कधी सरळ रेषेत चालत नाही हे त्यांना तिथं समजलं. सहा मिलिमीटरचा पाइप मोजला तर एका जागी ५.९२ येतं, वीतभर पुढं ६.०४, आणखी पुढं ५.९७. जिथं पानभर सहा, सहा, सहा लिहिलेलं दिसलं तिथं माप घेतलेलंच नसतं. कोणीतरी कँटीनमध्ये बसून वही भरलेली असते. अशा एका पानावर त्यांनी एकदा सही करायला नकार दिला. माल ट्रकवर चढलेला होता. साहेबांनी आवाज चढवला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी घाऱ्यांची बदली गेटवर केली. तिथं ते दोन वर्षं ट्रकांचे नंबर लिहीत बसले.

गेटवरच जालन्याकडचा एक ख्रिस्ती वॉचमन त्यांच्या पाळीत होता. त्याच्याबरोबर ते पहिल्यांदा खोपोलीतल्या एका लहान मंडळीच्या उपासनेला गेले. विश्वास बसायलाही त्यांना वेळ लागला. दोन वर्षं ते शेवटच्या बाकावर बसून, पाळक सांगतो ते वचन खरोखर त्या पानावर आहे का, हे बोट ठेवून पडताळत राहिले. मग बाप्तिस्मा घेतला. नाव बदललं नाही. साईनाथ नावाचा ख्रिस्ती म्हणून मंडळीत थट्टा होते आणि भावकीतही होते. दोन्हीकडं ते गप्प बसतात. संध्याबाईंनी बाप्तिस्मा घेतलेला नाही. घरात गणपती येतो. मखराची लाकडं माळ्यावरून घारेच उतरवून देतात, आरतीला मात्र खाली चौकात जाऊन उभे राहतात.

निवृत्त झाल्यावर मंडळीनं त्यांना पडताळणीचं काम दिलं. मंडळीला तसा माणूस हवाच होता. तरुण पाळक रूपेश यानं दीड वर्षापूर्वी एका मोठ्या संस्थेची योजना आणली होती. सभागृहात फ्लेक्स लागला: 'दर वाडीला एक गट, दर शिष्याला दोन शिष्य.' संस्थेनं ॲप दिलं, चाळीस धडे दिले. प्रत्येक धडा एकवीस मिनिटांचा, शास्त्रातली एक गोष्ट आणि तिच्यावर चार प्रश्न. शहरातल्या मंडळ्यांनी आपले जुने फोन गोळा करून पाठवले. ज्या वाडीवर पाळक महिन्यातून एकदाही पोचत नाही तिथं फोन पोचेल, आणि माणसांच्या बोलीत बोलेल, असं रूपेशनं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. वर्षभरात तीन गटांचे अडतीस झाले.

पडताळणीच्या पानावर बटणं दोनच होती. खरा आणि खोटा. चाळीस धडे झालेल्या गटाला 'खरा' मिळाला की त्यातल्या तयार माणसांचा बाप्तिस्मा. 'खोटा' मिळाला की गट बंद, फोन परत, बाप्तिस्मा रद्द आणि पुढाऱ्याला वर्षभर नवा गट नाही. बेहडवाडीचा चाळिसावा धडा आज होता.

नऊ वाजता घारे सभागृहात गेले. रूपेश लॅपटॉप मांडीवर घेऊन खुर्च्यांच्या ओळीत बसला होता.

"या काका. मागचा हौद धुऊन घेतलाय. रविवारी बेहडवाडीचे चार बाप्तिस्मे."

"आकडे सरळ हायत त्यांचे."

"सरळ आहेत तर चांगलंच ना?"

"नाय."

रूपेश हसला. "काका, स्वर्गाच्या दारात प्रेषित पेत्र वही घेऊन बसलेला असेल ना, तुम्ही तीसुद्धा तपासाल."

"तपासीन. त्यानं न बघता लिवलं असंल तर?"

"अहो, पण त्या बायका नऊ महिने थांबल्यात. जनाची नणंद गोदा तर दर महिन्याला विचारते, माझी पाळी कधी. तुम्ही 'खोटा' दाबलंत तर माझ्या हातात काही राहत नाही."

"तू कधी गेलायस वर?"

"व्हिडिओ कॉलवर भेटतो की."

घाऱ्यांनी पिशवी उचलली. वाडीवर आपण येतोय हे त्यांनी कोणाला कळवलं नाही, आणि रूपेशनंही कळवू नये असं त्याच्याकडून वदवून घेतलं. तरी जिना उतरताना, हा आता फोन करील, असं त्यांच्या मनात आलंच.

दुपारी जेवून अडीचला ते मोटारसायकलवरून निघाले. पळसदरी मागं टाकून कर्जत, मग भिसेगाव, मग माथेरानच्या डोंगराकडं जाणारा फाटा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फार्महाऊसची फाटकं, आणि फाटकांमधून दिसणारी हिरवीगार, कोणी न तुडवलेली गवतं. डांबर जिथं संपतं तिथल्या गावात त्यांनी टपरीपाशी गाडी लावली. बाकड्यावर पंचविशीचा एक जण बसला होता. टपरीवाला त्याला अक्षय म्हणत होता. त्यानं गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला.

"कोनाकडं, काका?"

"वर. पारध्यांकडं."

"मिशनवाले तर नाय ना? हल्ली लय चाललंय वर. बायका कुठंतरी बसतात म्हनं."

"मोजमापाचं काम हाय," घारे म्हणाले.

अक्षयचा चेहरा बदलला. तो बाकड्यावरून उठला. "जमिनीचं? मग आधी बोलायचं ना! आपली पन दोन एकर हाय, रोडटच. पार्टी असंल तर सांगा. गाडी सावलीत लावा, मी बघतो."

घाऱ्यांनी गाडी सावलीत लावली. आपण खोटं बोललो नाही, पण चुकीचं माप वहीत राहू दिलं, हे त्यांना पायवाटेला लागल्यावर जाणवलं. मागं वळून दुरुस्त करायला ते गेले नाहीत.

पंचवीस मिनिटांची चढण. वाडीच्या वरच्या अंगाला पाणीपुरवठ्याची सिमेंटची बसकी टाकी आहे. आजूबाजूच्या सगळ्या उतारावर मोबाइलला रेंज फक्त तिथंच येते, हे त्यांना नोंदींवरून माहीत होतं. तेराही फोनांची जागा ॲपमध्ये तीच दिसायची. चार पंचवीसला ते टाकीपाशी पोचले. कोणी नव्हतं. ते करवंदीच्या जाळीआड उभे राहिले. एकसष्टाव्या वर्षी आपण झुडपामागं लपलोय याची त्यांना लाज वाटली, पण ते हलले नाहीत.

चार छत्तीसला जना पारधी डोक्यावर पाटी घेऊन वर आली. चाळिशीची, काटक बाई; फार्महाऊसवरच्या कामाचा निळा झगा साडीवर तसाच होता. तिनं पाटी उतरवली, वरचं फडकं काढलं आणि आतले फोन एकेक करून टाकीच्या कठड्यावर मांडले. तेरा फोन, पापड वाळत घालावेत तसे एका रांगेत. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात तिनं प्रत्येकावर बोट टेकवलं. पहिला फोन बोलू लागला, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी एकाच पुरुषाचा आवाज तेरा तोंडांनी, थोडा मागंपुढं, त्या उजाड कठड्यावर बोलू लागला. जनानं पाटी उचलली आणि ती खाली निघून गेली. एकदाही मागं बघितलं नाही.

घाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. चार चाळीस. सापडलं, असं त्यांना वाटलं.

टाकीच्या पलीकडं पाचसात शेरडं चरत होती. त्यांच्यामागची म्हातारी येऊन फोनांच्या खाली सावलीत टेकली. घारे जाळीतून बाहेर आले.

"कोन रं तू?" म्हातारीनं विचारलं. तिचं नाव बायजा.

"खोपोलीवरून आलोय. चर्चमधून."

"मंग बस की. तुजंच मानूस बोलतंय."

"ऐकायला कोन हाय हितं?"

"म्या हाय. शेरडां हायत."

"कळतं काय?"

"शेरडांना इचार. मला नाय कळत. कातकऱ्यांचं बोलनं हाय ते. आमी ठाकर."

घाऱ्यांनी पहिल्या फोनाजवळ कान नेला. एक शब्द ओळखीचा वाटला, पुढचे चार निसटले. नऊ महिने ते या धड्यांच्या वेळा तपासत होते. डोंगरातल्या बोलीतला एकही धडा त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

"बायका कुठं हायत?"

बायजानं हनुवटीनं खाली दाखवलं. "गोदाच्या पडवीत. पन तू सांगून जा हां, नायतर दार लावतील."

ते न सांगताच गेले. गोदाच्या घराच्या मागच्या बाजूला कुडाची पडवी होती. आतून जनाचा आवाज येत होता. ती एक वाक्य बोलायची आणि बायका एका सुरात "हं" म्हणायच्या. मग पुढचं वाक्य. एकदा "हं" आलं नाही. जना तिथंच थांबली. "काय गं, झोपली काय समदी?" कोणीतरी हसलं, "हं" आलं, आणि गोष्ट पुढं चालू लागली. घारे कुडाला लागून उभे राहिले. मग त्यांची सावली आत पडली असावी. पडवी एकदम गप्प झाली.

आत तेरा बायका होत्या. त्यांनी मोजल्या. जना धरून चौदा.

जना उठली. तिनं त्यांना सभागृहात पाहिलेलं होतं. "दादा? न सांगता?"

"सांगून आलो असतो तर हे दिसलं असतं का?"

"काय दिसलं?"

"फोन टाकीवर, मानसं पडवीत."

जना वरमली नाही. पदर खोचून ती दारात आली. "मंग काय करायचं? तुमीच म्हनलाव ना, फोन चालला पायजे, पडद्यावर हिरवं आलं पायजे, नायतर गट मोडंल. फोन चालला. हिरवं आलं."

"पन ऐकलं कोनी नाय."

"कसं ऐकनार? त्यो कातकरीत बोलतो! दुसऱ्या धड्यालाच मी पास्तरला सांगितलं. पास्तर म्हनला, ताई, ऐकत राव्हा, सवय व्हईल. तुमच्या त्या तक्रारीच्या नंबराला पन लावला. एक बाई बोलली, तुमची नोंद झाली. झालीच नोंद."

मागून एकजण म्हणाली, "अन् त्यो मानूस थांबत नाय, दादा. आमी हं म्हनलं का नाय, ते बघतच नाय. कोनी अशी गोष्ट सांगतं व्हय?"

"मग तुला गोष्टी कुठून येतात?" घाऱ्यांनी जनाला विचारलं.

"मला कातकरी येतं. सहा वरसं वीटभट्टीवर त्यांच्या बायकांसंगं व्हते. बुधवारी झाडताना कानात घालून ऐकते, गुरुवारी आमच्यात सांगते."

"आनि फोन तेवढे वर का? हितं ठेवायचे."

"हितं रेंज नाय. अन् फोनात जागा दिसती म्हनं. खालची पोरं दोनदा इचारून गेली, बसता कुठं. म्हून फोन वर, आमी खाली." ती त्यांच्याकडं वळली. "मी इचारू? ती नावं, ती जागा जाती कुठं?"

"वर जाते."

"वर म्हंजे?"

"शहरात. संस्थेकडं."

"कुनापाशी?"

घाऱ्यांना माहीत नव्हतं. अडतीस गटांची, पाचशेवर माणसांची नावं ते दर महिन्याला तपासून पुढं पाठवत होते, आणि ती कोणाच्या कपाटात पडतात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "मला म्हाईत नाय," ते म्हणाले. जनानं मान हलवली, जणू तिला एवढंच ऐकायचं होतं.

त्यांनी खिशातून वही काढली. आलोच आहोत तर माप घ्यावं. बायजानं वरून हाक घालून या बायकांना सावध केलं असेल, हा सगळा देखावा असेल, हीही शंका मनात होतीच. "तेविसावा धडा," ते म्हणाले. "बाईचं नाणं हरवतं ती गोष्ट. कोन सांगतं? जना नाय."

गोदा पुढं सरकली. पन्नाशीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. तिच्या गोष्टीतल्या बाईच्या गळ्यात दहा मण्यांची माळ होती. माळ तुटली, एक मणी गेला. तिनं दिवा लावला, सारवलेली जमीन दोनदा झाडली आणि तो उंबऱ्याच्या फटीत सापडला. दुसरीनं मधेच तोडलं. फटीत नाही, भाताच्या कणगीखाली. तिसरी म्हणाली, सापडला कुठं ते सोडा, मणी सापडला म्हणून तिनं सगळ्या आळीला चहा पाजला, म्हणजे एका मण्यापायी दहा मण्यांचा खर्च केला. शहाणी बाई असली तर गप्प बसली असती. पडवी हसली. गोदा हसली नाही. "गप बसाया त्यो मनी काय चोरीचा व्हता?" ती म्हणाली. "आपला व्हता, म्हून तर सांगितलं."

घाऱ्यांनी वहीत तीन ओळी लिहिल्या. तीन तोंडं, तीन जागा, गोष्ट एक. पाठ करून घेतलेलं असं वाकडं येत नाही. पण यानं काय सिद्ध होतं, असंही त्यांनी स्वतःला विचारलं. बायकांना गोष्ट माहीत आहे. विश्वास आहे का, ते मोजायचं यंत्र त्यांच्याकडं कधीच नव्हतं.

मग त्यांनी आपला फोन काढला. गटाची नोंद आधी उतरवून ठेवलेली होती. गट एकोणीस. बेहडवाडी. भाषा: कातकरी. त्याच्याखाली बारीक अक्षरात, नोंद करणार: सा. घारे.

फेब्रुवारीत सभागृहात बसून, एका दुपारी, त्यांनी अकरा वाड्यांच्या नोंदी भरल्या होत्या. अकराही ठिकाणी एकच भाषा. खालच्या गावात वाढलेल्या माणसाला वाडीवरचे सगळे वाडीवरचेच वाटतात. कोण ठाकर, कोण कातकरी, हे कोणी विचारत नाही. ते दोघं मात्र स्वतःला कधी एक समजत नाहीत. त्या दुपारी घाऱ्यांनी एकाही वाडीवर जाऊन माप घेतलं नव्हतं. अकरा वेळा सहा, सहा, सहा लिहिलं होतं.

"भाषा मी लिवली," ते म्हणाले. "चूक माजी हाय."

पडवीत कुजबुज झाली. "आमाला कातकरी लिवलंव?" एकजण म्हणाली. तिला चूक कळण्याआधी अपमान कळला होता. जना मात्र घाऱ्यांच्या हातातल्या फोनाकडं बघत होती.

"मंग चूक तुमची, तर आमचा गट खरा ना?"

"फोनची नोंद खोटी हाय, जना. ती मी खरी म्हननार नाय."

"चूक तुमी केली, अन् मोडनार आमचं."

"व्हय."

"बरी हाय तुमची वही," जना म्हणाली.

गोदानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. रविवारसाठी बाजारातून आणलेली पांढरी साडी तिनं भिंतीवरच्या दोरीला घडी करून टाकली होती. "दादा, मला येवढं सांगा. मी रविवारी येऊ का नको?"

"मला म्हाईत नाय," घारे दुसऱ्यांदा म्हणाले.

जना फोन आणायला पाटी घेऊन वर निघाली. घारे तिच्या मागं गेले. टाकीवर सगळे फोन गप्प झाले होते. प्रत्येकाच्या पडद्यावर हिरवी खूण होती. चाळिसावा धडा पूर्ण. बायजा शेरडं घेऊन केव्हाच उतरली होती.

सव्वापाच. उभ्या-उभ्या त्यांनी गट एकोणीसचं पान उघडलं. रूपेशला हवं होतं तसं 'खरा' दाबलं असतं तर कोणाचंच काही बिघडलं नसतं. चार बायकांचा बाप्तिस्मा झाला असता, फ्लेक्सवरचा आकडा वाढला असता, भाषेची नोंद पुढच्या महिन्यात गुपचूप बदलता आली असती. त्यांची स्वतःची चूक कोणाला दिसलीही नसती. जना फोन पाटीत भरायचं थांबवून त्यांच्या अंगठ्याकडं बघत होती.

त्यांनी 'खोटा' दाबलं. कारणासाठी एक चौकट उघडली. त्यात त्यांनी लिहिलं: 'फोनच्या वेळा खोट्या. बायका दर गुरुवारी जमतात, गोष्टी जाणतात. तीन जणींना विचारून पाहिलं. गटाची भाषा चुकीची नोंदली. नोंद माझी. इतर दहा वाड्यांचीही तपासावी. सा. घारे.' मग पाठवलं. खाली एक ओळ उमटली: पाळकाची हरकत असल्यास चोवीस तासांत स्वतः जागेवर जाऊन फेरतपासणी करावी, तोवर गट बंद समजू नये. ही ओळ त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती, कारण 'खोटा' त्यांनी आजवर दाबलं नव्हतं.

चार मिनिटांत रूपेशचा फोन आला.

"काका, हे काय केलंत तुम्ही?"

"मोजलं ते लिवलं."

"अहो, एक बटण होतं. कुणाचं काय गेलं असतं?"

"माजी सही गेली असती."

"सही कुठाय? बटण आहे ते!"

"माज्यासाठी सहीच हाय." घाऱ्यांनी आवाज खाली आणला. "रूपेश, तुला जनानं दुसऱ्याच धड्याला सांगितलं होतं, भाषा कळत नाय म्हनून?"

"असं बऱ्याच जणी सांगतात," रूपेश म्हणाला. "मला वाटलं, सवय नसेल."

"अन् चाळीस धडे झाल्याबिगर बाप्तिस्मा नाय, हे शास्त्रात कुठल्या पानावर हाय? मी शोधलं. मला नाय सापडलं."

"तो संस्थेचा नियम आहे, काका. तुम्हालाही माहितेय."

"मग नियमात दुसरी ओळ पन हाय. वाच खालची."

रूपेशनं वाचली असावी. मग म्हणाला, "म्हणजे मी स्वतः यायचं?"

"फोटो नाय चालत. जागा दिसली पायजे तुजी."

"तुम्ही माझ्यावर पण संशय घेताय."

"सगळ्यांवर घेतो. आजपासून स्वतःवर पन."

जना ऐकत होती. पाटी भरून झाली होती. घाऱ्यांनी फोन तिच्याकडं केला. "पास्टरला उद्या यावं लागंल. तू कधी भेटशील ते तूच सांग."

तिनं फोन हातात घेतला नाही. लांबूनच त्यात बोलली. "पास्तर, यायचं तर या. पन फोन बघायला नको. गोष्ट ऐकायला या, अन् हं म्हनायची तयारी ठेवा. अन् ती नावं कुठं जातात ते इचारून या. त्याबिगर पुढच्या गुरुवारी एक बी फोन वर येनार नाय."

"येतो, ताई," रूपेश म्हणाला. "गोदाताईंना सांगा, रविवारचं मी उद्या बघून सांगतो."

"बघून सांगतो म्हनतो," जना घाऱ्यांना म्हणाली, जणू त्यांनी ऐकलंच नव्हतं. तिनं पाटी डोक्यावर घेतली. त्यांनी हात लावायला पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

अंधार पडायच्या आत खाली पोचायचं होतं. टपरीपाशी अक्षय गाडीजवळच उभा होता.

"झालं मोजमाप? काय निघालं?"

"मी जमिनीवाला नाय," घारे म्हणाले. "चर्चचा हाय. मगाशी सांगायला पायजे व्हतं."

अक्षयनं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि खिशातून फोन काढला. या वेळी त्यानं नंबरप्लेट सोडून चेहऱ्याचा फोटो काढला. घारे हलले नाहीत. फोटो निघाल्यावर त्यांनी गाडीला किक मारली.

उद्या शुक्रवार. जना आठ वाजता फार्महाऊसवर कामाला लागते आणि त्यासाठी सव्वासातला घर सोडते. गुरुवार सोडला तर ती अंधार पडल्यावरच परतते; तोवर चोवीस तास उलटलेले असतील. रूपेशला तिला भेटायचं असेल तर सव्वासाताच्या आधी वाडीवर पोचावं लागेल.